नाकापेक्षा चष्मा जड: हलकी आणि न फुटणारी काच कुठली घ्यावी?

ढापणी

मंडळी जरा मदत करा. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस ६, डाव्याचा मायनस साडेपाच, दोन्हीकडे थोडा सिलिंडर (तिरप्या दिशेचा वेगळा नंबर). चौथीत असल्यापासून चष्मा आहे त्यामुळे नवलाई काही नाही, पण या वेळी नवा करायला गेले आणि डोकंच चक्रावलं. समोरच्या माणसाने एका दमात सहा नावं घेतली, सीआर थर्टीनाईन, पॉली, ट्रायवेक्स, वन पॉइंट सिक्स, वन पॉइंट सिक्स सेव्हन, वन पॉइंट सेव्हन फोर, आणि शेवटी म्हणे मॅडम तुमच्या नंबरला वन पॉइंट सेव्हन फोरच, सगळ्यात पातळ, सगळ्यात हलकी, सगळ्यात मजबूत. तिन्ही गुण एकाच काचेत आणि ती नेमकी सगळ्यात महाग, इथेच मला शंका आली आणि घरी विचारून सांगते म्हणून सटकले.

आधीचा अनुभव सांगते म्हणजे चित्र स्पष्ट होईल. सध्याच्या आधीचा चष्मा बिनफ्रेमचा होता, काचेला भोक पाडून काडी स्क्रूने बसवलेली. "अनब्रेकेबल आहे" असं सांगून पॉलीकार्बोनेट, म्हणजे तीच पॉली, दिली होती. सात महिन्यांत त्या भोकापाशी केसाएवढी चीर आली, मग ती रोज थोडी थोडी वाढत गेली आणि एक दिवस काच आणि काडी दोघी वेगळ्या झाल्या. शिवाय त्या काचेतून काळ्या स्क्रीनवरची पांढरी अक्षरं बाजूने बघितली की एका कडेला निळी आणि दुसऱ्या कडेला नारिंगी सावली दिसायची. सांगायला गेले तर "सवय होईल". नाही झाली.

सध्याचा आहे तो जाड शेल (प्लास्टिकच्या) फ्रेमचा, मोठ्या आकाराचा (फॅशन होती, मी पण वाहवत गेले), काच १.६७. तरी जड! खाली वाकलं की नाकाच्या शेंड्यावर येतो, संध्याकाळी काढला की नाकावर दोन लाल खड्डे, हात लावला तर दुखतात. दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर. चष्मा घालूनच झोप लागते, आठवड्यातून दोनदा हातातून पडतो, एकदा त्याच्यावर बसलेही आहे. तर हलकी हवी, फुटायला नको आणि दिसायलाही नीट पाहिजे. काय घेऊ?

झटपट_राव

१.७४ घ्या डोळे झाकून. मी दोन वर्षं वापरतोय, एक नंबर. विषय संपला.

ढापणी

राव, तुमचा नंबर किती?

झटपट_राव

मायनस ३

काचवाला

मायनस ३ ला १.७४ म्हणजे डास मारायला तोफ, पण असो, ज्याचा त्याचा खिसा.

ढापणीताई, मी बावीस वर्षं काचा कापून फ्रेममध्ये बसवायचं काम करतो. विकायला पुढे दुसरी माणसं बसतात, मी मागे मशीनवर, त्यामुळे कमिशन बुडायची भीती नाही, मोकळेपणाने लिहितो.

तुम्हाला आली ती शंका बरोबर आहे. पातळ, हलकी आणि मजबूत हे तीन वेगळे गुण आहेत आणि दुकानात तिघांची एकच मोळी बांधून देतात. पातळपणा येतो इंडेक्समुळे, म्हणजे ते १.५०, १.६०, १.७४ आकडे. आकडा मोठा म्हणजे तो पदार्थ प्रकाश जास्त वाकवतो, मग तेवढ्याच नंबरसाठी काचेला गोलाई कमी द्यावी लागते आणि कड पातळ होते. पण वजन ठरतं पदार्थ मुळात किती जड त्यावर. एका घन सेंटीमीटरचं वजन सांगतो: ट्रायवेक्स १.११ ग्रॅम, पॉली १.२०, एमआर-८ नावाची जी १.६० वाली असते ती १.३०, सीआर-३९ म्हणजे आपली साधी फायबर काच १.३२, १.६७ वाली १.३५ च्या आसपास आणि १.७४ वाली १.४७. आलं लक्षात? सगळ्यात पातळ काचेचा मालच सगळ्यात जड. (खऱ्या काचेच्या काचा अडीचच्या वर, जुन्या लोकांची नाकं लोखंडाची असावीत.)

आता मजबूत. याचेही दोन अर्थ आहेत आणि गिऱ्हाईक एक धरतो, दुकानदार दुसरा. एक म्हणजे आपटल्यावर फुटत नाही, दुसरा म्हणजे चरे पडत नाहीत. पॉली आपटून सहसा फुटत नाही, सेफ्टी गॉगल त्याचेच बनतात, पण वरून ती मऊ आहे, हार्डकोट नसेल तर नुसत्या सदऱ्याने पुसून चार दिवसांत धुरकट होईल. सीआर-३९ चं उलटं, चऱ्यांना त्यामानाने चिवट पण दणका बसला तर तडकते. न फुटण्याच्या बाबतीत पॉली आणि ट्रायवेक्स वरच्या पायरीवर, त्याखाली १.६०, मग बाकीच्या. १.५६ म्हणून एक मधली मिळते ती मला अजिबात आवडत नाही, ठिसूळ असते, कापतानाच कडेचे कपचे उडतात.

मशीनवर कापताना प्रत्येक मालाचा स्वभाव दिसतो हो. सीआर-३९ ची पांढरी भुकटी पडते. पॉलीचा लोकरीसारखा गुंता निघतो, धागेच्या धागे, मशीनच्या कोपऱ्यातून ओढून काढावे लागतात. आणि १.६० किंवा १.६७ लावली की खोलीभर गंधकाचा वास, सडक्या अंड्यासारखा, नवीन कामाला आलेलं पोरगं पहिल्या दिवशी नाक धरून बाहेर पळतं. त्या प्लास्टिकमध्ये गंधक असतंच, इंडेक्स वाढतो तो त्याच्यामुळेच. कुठली काच लावलीय ते मी डोळे मिटून वासावरून सांगतो.

तुमच्या बिनफ्रेमच्या चष्म्याचं काय झालं ते पण सांगतो. पॉली वितळवून साच्यात दाबून भरतात, थंड होताना आत ताण राहून जातो. त्यात तुम्ही भोक पाडलं, स्क्रू आवळला, सगळा ताण त्या एका जागी आला. वरून कधी नेलपॉलिश रिमूव्हरचा हात लागला असेल तर झालंच, अ‍ॅसिटोन पॉलीचं वाटोळं करतं. भोक पाडायचंच असेल तर ट्रायवेक्स नाहीतर १.६०, तिसरं नाव नको.

पण हे सगळं राहू दे बाजूला. सध्याच्या फ्रेमच्या काडीवर आतून काय आकडे लिहिलेत? ५२ मग छोटा चौकोन मग १८ असलं काहीतरी असतं. आणि दोन बुबुळांमधलं अंतर, पीडी म्हणतात ते, नंबरच्या कागदावर असेल. ते दोन्ही सांगा मग पुढचं बोलू.

ढापणी

बापरे काका, एवढं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. नेलपॉलिश रिमूव्हर... हो. चष्म्यावर रंगाचा ठिपका पडला होता आणि मी शहाणीने त्यानेच पुसला होता.

काडीवर ५४ चौकोन १८ आणि पुढे १४० असं आहे. पीडी ६२.

काचवाला

मग सुंठीवाचून खोकला गेला. दोष काचेचा नाहीच, फ्रेमचा आहे. ५४ ची फ्रेम आणि ६२ ची पीडी, मायनस ६ ला! ज्याने ही फ्रेम तुमच्या हातात दिली त्याने आधी तोंडाने "नको" म्हणायला हवं होतं. मास्तर आहेत का इथे? गणित त्यांनी मांडावं, माझा हात मशीनवर चालतो कागदावर नाही.

भौतिक_मास्तर

हाक मारली आणि मी आलो. वही-पेन घ्या.

५४ म्हणजे एका काचेची रुंदी, १८ म्हणजे मधला नाकावरचा पूल, दोन्ही मिलीमीटरमध्ये. बेरीज ७२. म्हणजे दोन्ही काचांचे मध्यबिंदू एकमेकांपासून ७२ मिमीवर, पण तुमची बुबुळं ६२ वर. १० मिमीचा फरक. मग काचेचा नंबरचा खरा मध्य प्रत्येक बाजूला ५ मिमी नाकाकडे सरकवावा लागतो. आता त्या मध्यापासून कानाकडच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, अर्धी काच २७ आणि वर हे ५, झाले ३२ मिमी.

मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड. ही जाडी अंतराच्या वर्गाने वाढते, इथे सगळी गोम आहे. हिशोब असा: अंतराचा वर्ग गुणिले नंबर, आणि त्याला भागायचं २००० गुणिले (इंडेक्स वजा १) ने. उत्तर मिमीमध्ये. हे ढोबळ आहे, खरी काच थोडी जास्त भरते, पण तुलनेला पुरतं.

३२ चा वर्ग १०२४, गुणिले ६ म्हणजे ६१४४. साध्या १.५० ला १००० ने भागा, ६.१ मिमी. मध्यभागी २ मिमी धरा (सीआर-३९ त्याहून फार पातळ करत नाहीत), कड झाली ८ मिमीच्या वर. म्हणजे बाटलीचं बूड. तेच १.७४ ला १४८० ने भागा, ४.१५, मध्यभाग १.३ धरला तर कड साधारण साडेपाच.

आता फ्रेम बदला, ४६ चौकोन १८ घ्या. बेरीज ६४, पीडी ६२, फक्त १ मिमी सरकवायचं. कडेपर्यंतचं अंतर २३ अधिक १, म्हणजे २४. वर्ग ५७६, गुणिले ६ म्हणजे ३४५६. साध्या सीआर-३९ ला साडेतीन अधिक मधले २, म्हणजे साडेपाच!

परत वाचा. सगळ्यात साधी काच छोट्या फ्रेममध्ये आणि सगळ्यात भारी काच तुमच्या आत्ताच्या फ्रेममध्ये, कडेची जाडी सारखीच. छोट्या फ्रेममध्ये १.६० घातली तर कड ४.२ आणि १.७४ घातली तर ३.६. मधल्या फरकाला अर्धा मिलीमीटर म्हणतात, त्यासाठी किती पैसे मोजायचे ते तुम्ही ठरवा.

वजनाचं पण केलं हौसेने. ५० मिमी व्यासाची गोल काच मायनस ६ ची धरली तर सीआर-३९ दहा ग्रॅमची होते, १.६० सव्वासात, १.७४ साडेसातच्या जवळ, ट्रायवेक्स पावणेसात. म्हणजे १.७४ ही १.६० पेक्षा काकणभर जडच. आणि तीच १.६० ची काच ४० मिमी व्यासाची केली तर? पावणेचार ग्रॅम. दहा मिमी व्यास कमी केला आणि वजन निम्म्यावर आलं, पदार्थ तोच.

ढापणी

मास्तर मी हे तीनदा वाचलं आणि मग कपाटातला शाळेतला चष्मा काढून बघितला, ४४ ची गोल फ्रेम, साध्या काचा, तो मला कधी टोचल्याचं आठवतच नाही. नंबर तेव्हा मायनस ४ होता हे खरं पण तरीही.

धडपड्या

इथे पॉलीला उगाच शिव्या पडतायत असं वाटतंय. मी आठ वर्षं पॉलीच घालतोय, बॅडमिंटन खेळताना शटल थेट डोळ्यावर आलंय, चष्मा वाकला पण काच जशीच्या तशी. आणि ते निळं-नारिंगी वगैरे मला कधी दिसलं नाही, मनाचे खेळ असतात.

भौतिक_मास्तर

मनाचे खेळ नाहीत. तुमचा नंबर सांगा.

धडपड्या

मायनस दीड

भौतिक_मास्तर

मग दिसणारच नाही. लोलकातून सप्तरंग बाहेर पडतात ना, तेच काचेच्या कडेला होतं, कारण काचेची कड म्हणजे एक लोलकच आहे. निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वाकतो आणि अक्षराच्या कडा फाटतात. कुठला पदार्थ रंग किती फाडतो याला अ‍ॅबे नंबर म्हणतात, हा जितका मोठा तितकं चांगलं. सीआर-३९ चा ५८, ट्रायवेक्सचा ४४ च्या आसपास, १.६० एमआर-८ चा ४१, १.७४ चा ३२, १.६७ चा पण तेवढाच आणि पॉलीचा ३०.

मध्यापासून १ सेंमी बाजूने बघितलं तर जेवढा नंबर तेवढा प्रिझम (प्रकाश बाजूला वळवण्याचं माप) तयार होतो, त्याला अ‍ॅबे नंबराने भागा. ढापणीताईंचे ६ भागिले ३०, ०.२०. तुमचे दीड भागिले ३०, ०.०५. साधारण ०.१ च्या पुढे गेलं की लोकांना जाणवायला लागतं. त्यामुळे तुम्हीही खरे आणि त्याही खऱ्या. त्यांना १.६० मध्ये ०.१५ येईल, दिसेल कधीमधी पण पॉलीपेक्षा बरंच कमी. आणि १.७४ मध्ये पुन्हा ०.१९, म्हणजे पॉलीला कंटाळून १.७४ कडे गेलं तर आगीतून फुफाट्यात.

अवांतर: सीआर-३९ मधलं ३९ म्हणजे काय ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. कोलंबिया रेझिन, मिश्रण क्रमांक ३९. १९४० च्या सुमाराचं अमेरिकेतलं काम, दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांच्या इंधनाच्या टाक्यांसाठी वापरलं आणि युद्ध संपल्यावर चष्म्यात आलं. ट्रायवेक्स त्यामानाने कालचं पोर, २००१ चं.

दोन_पोरांची_आई

मोठ्यांचं तुमचं चालू द्या, पण लहान मुलांसाठी कोणी वाचत असेल तर सांगते, रंगबिंग अ‍ॅबेबिबे बाजूला ठेवा आणि पॉली नाहीतर ट्रायवेक्स घ्या, बाकी काही नको. माझ्या धाकट्याला साधी काच होती, मैदानावर कोपर लागलं, काचेचे दोन तुकडे झाले आणि एक भुवईखाली घुसला. डोळा थोडक्यात वाचला, चार टाके पडले. तेव्हापासून दोघांनाही ट्रायवेक्स. चरे पडतात म्हणून वर्षाला बदलावी लागते, पण तसाही त्यांचा नंबर वर्षाला बदलतोच.

काचवाला

ताई अगदी बरोबर. आणि ज्यांना एकाच डोळ्याने नीट दिसतं त्यांनीसुद्धा हेच घ्यावं, उरलेला एक डोळा पणाला लावायचा नसतो.

"अनब्रेकेबल" या शब्दावर मात्र कोणी जाऊ नका. अमेरिकेत १९७२ पासून नियम आहे की चष्म्याच्या काचेवर साधारण १६ मिमीचा पोलादी गोळा १२७ सेंमीवरून टाकला तरी ती फुटता कामा नये. ऐकायला भारी वाटतं, पण तो गोळा सोळा ग्रॅमचा, गोटीएवढा. ही किमान पायरी आहे, साधी काचही पुरेशी जाड ठेवली तर ती पास होते. कोपर, चेंडू, दाराची कड यांचं वजन सोळा ग्रॅम नसतं.

अधिक_चार

सगळे मायनसवाले जमलेत, आम्हा प्लसवाल्यांचं काय? मला प्लस ४ आहे, काच मध्ये फुगीर, डोळे गायीएवढे दिसतात.

काचवाला

गायीचे डोळे सुंदर असतात हो. तुमच्याकडे फ्रेमचा मुद्दा उलट जास्तच लागू पडतो. प्लसची काच मध्ये जाड, आणि ती मध्ये किती जाड होणार हे कडेपर्यंतचं अंतर ठरवतं, कारण कड शून्य करता येत नाही. मोठी फ्रेम घेतली की मधला फुगवटा वाढतो. लहान, गोलसर फ्रेम घ्या, अ‍ॅस्फेरिक (कडेकडे गोलाई बदलत जाणारी) काच मागा म्हणजे फुगीरपणा बसतो आणि डोळेही थोडे लहान दिसतात, आणि फ्रेमच्या मापाने छोट्या व्यासाची काच मागवता येईल का ते विचारा. तयार मोठ्या व्यासाची काच आणून ती छोट्या फ्रेममध्ये कापली तर मधली जाडी तशीच राहते, हे कोणी सांगत नाही.

झटपट_राव

बरं ते एआरसी, म्हणजे चकाकी कमी करणाऱ्या कोटिंगचं काय, घ्यायचं की नुसता खर्च? आणि ब्लू कट, निळा प्रकाश अडवणारं?

भौतिक_मास्तर

एआरसी घ्यायचंच, आणि इंडेक्स जितका जास्त तितकं जास्त गरजेचं. साधी १.५० काच दोन्ही पृष्ठभाग मिळून ८ टक्के प्रकाश परत फेकते, १.७४ साडेचौदा. बिनकोटिंगची १.७४ म्हणजे समोरच्याला तुमचे डोळे दिसण्याऐवजी खिडकी दिसते. ब्लू कटने डोळ्यांचा ताण कमी होतो याला आधार सापडत नाही, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात सगळे प्रयोग एकत्र तपासून तेच निघालं, निदान थोड्या काळात तरी. डोळे कोरडे पडतात कारण स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या मिटायच्या विसरतो, त्याला काच काय करणार.

काचवाला

कोटिंग टिकवायचं असेल तर उन्हात तापलेल्या गाडीत चष्मा ठेवू नका आणि गरम पाण्याने धुवू नका. उष्णतेने प्लास्टिक फुगतं, वरचा थर तेवढा फुगत नाही, मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा पडतात. त्या चरे नसतात, कोटिंग तडकलेलं असतं, आणि माझ्याकडे आणून "काच खराब दिली" म्हणून भांडतात. धुवायचं तर साधं गार पाणी, भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब बोटावर, मग मऊ फडकं. कोरडी काच सदऱ्याने पुसणं म्हणजे धुळीने घासणं.

आणि ढापणीताई एक राहिलंच, नाकावरचे ते खड्डे. सगळा दोष वजनाला देऊ नका. शेल फ्रेमला नाकावरचा भाग साच्यातलाच असतो, तुमच्या नाकाच्या उताराशी जुळला नाही तर सगळा भार दोन टोकांवर येतो. धातूची फ्रेम घ्या, पॅड हलवता येणारी, आणि बसवून देणाऱ्याकडून पॅड असे वाकवून घ्या की पूर्ण पॅड नाकाला चिकटेल, कड टोचणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे. काडी कानामागे नीट वळवली तर पुढे घसरायचंही थांबेल.

धडपड्या

काचवाले काका मग शेवटी त्यांनी ट्रायवेक्स घ्यायची की १.६०? चष्म्यावर बसणारी बाई आहे ती, मी तर ट्रायवेक्सच म्हणेन.

काचवाला

चष्म्यावर बसल्यावर आधी फ्रेम जाते, काच नाही. मायनस ६ ला ट्रायवेक्सची कड ४६ च्या फ्रेममध्ये ४.६ च्या आसपास जाईल, १.६० ची ४.२. ट्रायवेक्स वजनाला थोडी हलकी, आपटायला जास्त मजबूत, रंगांच्या बाबतीत दोघी जवळपास सारख्या. मैदानी खेळ खेळत असतील तर ट्रायवेक्स. दिवसभर खुर्चीत असतील तर मी १.६० देईन. पण यात चूक असं काही नाही, दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी मी भांडायला येणार नाही. ५४ ची फ्रेम परत घेतली तर येईन.

ढापणी

महिनाभराने उगवतेय, माफी.

घेतला एकदाचा. ४६ चौकोन १८, टायटॅनियमची फ्रेम, गोल आणि चौकोनी यांच्या मधला आकार, काच १.६०, एआरसी. दुकानात मी स्वतः पट्टीने फ्रेम मोजायला लागले तेव्हा तो माणूस जरा सावध झाला आणि १.७४ चं नाव त्याने परत काढलं नाही. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन्ही चष्मे ठेवले, जुना ३७ ग्रॅम, नवा १८. मी काटा शून्य करून परत ठेवला, तरी १८.

तक्रारी नाहीत असं नाही. पहिले तीन-चार दिवस बाजूला बघताना फ्रेमची कड नजरेत यायची, मोठ्या फ्रेमची सवय होती ना. जिना उतरताना मान जास्त वाकवावी लागते. बहीण म्हणाली आजीचा चष्मा चोरलास का. कड अजूनही जाड दिसते फोटोत, पण समोरून नाही. रंगाची सावली अगदी कोपऱ्यातून बघितलं तरच, कामात आडवी येत नाही. नाकावरचे खड्डे आठवड्यात गेले, एक बाजू अजून थोडी लाल होते, पॅड परत एकदा वाकवून घ्यायचाय.

आणि काका, चष्मा आणायला गेले तेव्हा मागच्या खोलीचं दार उघडं होतं, मशीन चालू होतं आणि तोच वास! मी पटकन म्हटलं वन पॉइंट सिक्स कापताय का, तर आतला मुलगा हातातलं काम थांबवून बघायलाच लागला, म्हणे मॅडम तुम्ही पण या धंद्यातल्या का.

काचवाला

हा हा, पोराला घाबरवलंत.

पॅडचं लगेच करून घ्या, आणि गेलाच आहात तर काड्यांचे स्क्रू पण आवळून घ्या, नवीन फ्रेमचे पहिल्या महिन्यात ढिले होतात. आणि झोपताना उशीशेजारी एक टणक डबी ठेवा. टायटॅनियम वाकून सरळ होईल, पण दर वेळी नाही.

ढापणी

डबी आणली. काल रात्री चष्मा घालूनच झोपले, डबी उशीशेजारी होती.